माक्याचं तेल, चार महिने लावून झाल्यावर

आधी एका दुसऱ्या कंपनीची बाटली आणलेली, हिरवीगार, वास पण मस्त, पण मागे घटकांची यादी बघितली तर पहिलंच नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, आणि माका पार शेवटी, तेव्हा खूप वाईट वाटलं कारण माणूस विश्वासाने घेतो ना. हे तेल तसं नाहीये. तिळाच्या तेलात माक्याचा रस घालून पाणी आटेपर्यंत उकळलेलं, रंग काळपट हिरवा आणि तळाला थोडा बारीक गाळ, तो मला उलट बरा वाटला.

ज्यांना माका माहीत नाही त्यांच्यासाठी, ओलसर जागी उगवतो, पांढरी बटणाएवढी फुलं, पान बोटांत चुरडलं की रस थोड्या वेळात काळा पडतो, खरा माका ओळखायची ही सोपी खूण. पिवळ्या फुलांचा पण एक असतो, तो वेगळा. आयुर्वेदात याला भृंगराज म्हणतात, केसांसाठी तर आहेच पण यकृताच्या तक्रारींवर पण परंपरेने वापरतात, अर्थात पोटात घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारूनच घ्या प्लीज.

माझा अनुभव म्हणजे टाळूचा कोरडेपणा खरंच गेला, केस गळणं थोडं कमी वाटतंय, पांढरे केस मात्र पांढरेच आहेत. उशीला डाग पडतात, जुना टॉवेल टाका. झाकण गळतं, ते कंपनीने सुधारायला हवं. मी दुसरी बाटली मागवलीये.