अंगणवाडी की माता गट?

शेजारच्या ताईंचा नातू तीन वर्षांचा झालाय. सूनबाई घरी शिवणकाम करते. त्याला अंगणवाडीत घालायचं, की गल्लीतल्या माता गटात मायलेकांनी एकत्र बसायचं, यावर त्यांच्या घरात रोज चर्चा.

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. वेळेचं मात्र तसं नाही. अंगणवाडीत मूल सोडलं की आई कामाला मोकळी. गटात तिला स्वतः बसावं लागतं, आठवड्यातून तासभर का होईना, आणि शिकलेला खेळ घरी पुन्हा घ्यावा लागतो.

१९७५ साली एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून आहार, वजन, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण अंगणवाडीशी जोडलेलं आहे. हे गटाला जमणारं नाही. पण रजिस्टरं भरता भरता सेविका प्रत्येक मुलाशी किती बोलणार?

आणि भाषा वाढते ती बोलण्यातूनच. आमच्या गटातल्या एका आईचं वाचन सातवीनंतर सुटलं होतं. तिनं ‘मांजर’ या शब्दावर बोट ठेवून अडखळत वाचलं, आणि मांडीवरच्या लेकीनं आपलं इवलं बोट तिच्या बोटावर टेकवलं. २०२२च्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानातही माता गटांवर भर होता, तो यासाठीच.

मुलाचं वजन कमी असेल किंवा आई दिवसभर बाहेर असेल, तर आधी अंगणवाडी. आईला तासभर निघत असेल, तर गट हवाच. वाचता येत नसलं तरी चित्रं बघून गोष्ट सांगता येते. सूनबाईला मी दोन्ही सुचवलं: रोज अंगणवाडी, शनिवारी गट.