म्हापशाचा माटोळी बाजार: काय घ्यावे, काय सोडून द्यावे

चवथीची, म्हणजे गोव्यातल्या गणेश चतुर्थीची, बाकीची खरेदी कुठेही होते. कापूर, अगरबत्ती, विजेच्या माळा, नेवऱ्यांचा रवा यांसाठी एकाच बाजाराची शिफारस करण्यात अर्थ नाही. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, फळे-फुले-पाने बांधलेली चौकट. तिचे सामान वेगळे. ते वर्षातून दोन-तीन दिवसच येते, त्यावर किंमत छापलेली नसते, आणि त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावे पणजी-पर्वरीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पिढीला येत नाहीत. म्हणून हा बाजार नीट पारखून घ्यावा लागतो. उत्तर गोव्यात त्यासाठी म्हापशाला तोड नाही, पण तिथेही डोळे मिटून घेतले तर फसगत ठरलेली.

चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस, त्यांतला शेवटचा तयेचा, म्हणजे हरतालिकेचा, एवढाच हा बाजार. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतून बायका पहाटेच भारे घेऊन येतात आणि मार्केटच्या आत-बाहेर, वाटेच्या कडेला, जागा मिळेल तिथे बसतात. चवथीला लागून शुक्रवार आला तर नेहमीचा आठवड्याचा बाजारही त्यातच मिसळतो. माल दुप्पट, गर्दी तिप्पट. जायची योग्य वेळ सकाळी सात ते नऊ. दहानंतर चांगली कांगलां, म्हणजे घोसाने येणारी रानफळे, उरत नाहीत. तयेच्या संध्याकाळी दर पडतात हे खरे, पण तोवर रानफुले मान टाकतात आणि घरी नेऊन माटोळी बांधायला रात्र होते. गाडी मार्केटपर्यंत नेण्याचा हट्ट करू नये. कदंब स्टँड जवळच आहे. बसने येऊन, सामान रिक्षात घालून परतणे सोयीचे.

बाजारात पाऊल टाकण्याआधी घरचे माप घ्या. गोव्यातल्या जुन्या घरांत गणपतीच्या वर चौकट बाराही महिने टांगलेली असते किंवा माळ्यावर ठेवलेली असते. नवी करायची तर चार बाय तीन फूट हे मध्यम आकाराच्या मूर्तीला पुरेसे माप. लांबीच्या बाजूने रिपा चार-पाच बोटांच्या अंतरावर ठोका. अंतर जास्त ठेवले तर बारीक जुडग्यांना जागा मिळत नाही आणि मधे भगदाडे दिसतात. फार कमी ठेवले तर गाठ मारायला बोटे शिरत नाहीत. पोफळीच्या चिरलेल्या रिपा सगळ्यांत चांगल्या, वजनाला हलक्या आणि वाकल्या तरी मोडत नाहीत. बाजारात बांबूच्या तयार चौकटी मिळतात. छोट्या घराला त्या ठीक आहेत, पण कोपरे बारीक खिळ्यांवर असतात. घरी आणून चारही कोपरे सुंभाने आवळल्याशिवाय त्यावर नारळ चढवू नका.

या बाजाराची खरी शान म्हणजे रानातला माल, आणि म्हापसा तिथेच बाजी मारते. कांगलांचे घोस आधी बघा. फळे हिरवट-पिवळी आणि घट्ट मिटलेली असतील तो घोस घ्या. पूर्ण पिवळी झालेली फळे दुसऱ्या दिवशी उकलतात, आतले शेंदरी बी दिसायला लागते आणि दृश्य फार देखणे असते. पण मग दाणे गळतात, तेही थेट नैवेद्याच्या पानावर. म्हणून उकलू लागलेला घोस घेतलाच तर तो चौकटीच्या पुढच्या कडेला बांधा, मूर्तीच्या वर नको. चवथ उशिरा येते त्या वर्षी हे विशेष सांभाळावे लागते. 2025 ला चवथ 27 ऑगस्टला होती. 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरवर गेली. अडीच आठवड्यांच्या फरकाने रानातला सगळा माल पुढे सरकतो.

घागऱ्यो घेताना जुडी कानाशी धरून हलवा. वाळलेल्या शेंगा खुळखुळतात, हिरव्या गप्प असतात. दिसायला हिरव्या बऱ्या, पण मुलांना खुळखुळणाऱ्याच हव्या असतात, त्यामुळे एक जुडी वाळकी घ्यावीच. माट्टीच्या पंखवाल्या फळांचे झुबके हलके, स्वस्त आणि टिकाऊ. चौकटीतली रिकामी जागा भरायला यांच्यासारखे दुसरे काही नाही. नागलकुड्याची जोडफळे सुरेख दिसतात, पण देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि त्याचे डाग धुतल्या कपड्यावरून जात नाहीत. देठ राखेत किंवा कोरड्या मातीत टेकवून चीक थांबवा, मग बांधा. कवंडळाची लाल फळे लांबूनही उठून दिसतात. ती शोभेचीच, तोंडात घालायची नाहीत. वाघचबक्याबद्दल तर जास्त कडक राहायला हवे. त्याच्या पिवळ्या-तांबड्या ज्वाळेसारख्या फुलांनी माटोळी खुलते, पण झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर ते उंच बांधा, खाली पडलेल्या पाकळ्या लगेच उचला आणि हाताळल्यावर हात धुवा. विकणारी हे आपणहून सांगेलच असे नाही.

आंब्याचे टहाळे आणि रानातले भारे घरात आणण्याआधी अंगणात दोन-तीनदा जोरात झटका. त्यांत हुमले, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्या, असतात. ते माटोळीवर पसरले की आरती म्हणणाऱ्याच्या मानेवर उतरतात, आणि मग आरतीची चाल बिघडते.

आता जड माल. नारळाची पेंड पाच-सहा फळांची, हिरवीगार, देठ न सुकलेली हवी. देठ तपकिरी झाला असेल तर एखादा नारळ सुटतोच. सुपारीचे शिपटे पिवळसर होऊ लागलेले बघा, पूर्ण नारिंगी नको, त्याच्या सुपाऱ्या गळतात. नीरफणस देठासकटच घ्या. देठ कापून ढीग लावलेले फळ स्वस्त पडते, पण त्याला दोर बांधायला जागाच नसते. तोरिंजण, म्हणजे पपनस, हातात तोलून बघा. आकाराने मोठे आणि वजनाला हलके असेल तर आत नुसती साल. टांगायला चालेल, पण विसर्जनानंतर खायला काही निघणार नाही. केळ्यांचा घड कच्चाच हवा. मोयराच्या केळ्यांचा घड दिसायला भारदस्त, पण त्याचे वजन आधी हाताने जोखा आणि मग चौकटीकडे बघून निर्णय घ्या.

चिबूड हा या बाजारातला सगळ्यांत बेभरवशाचा माल, म्हणून त्याच्यावर थोडे जास्त. वास सुटलेला, पिवळा, मऊसर चिबूड हातात घेतला की मोह होतो, आणि तोच घरी येऊन दीड दिवसात फुटतो. चवथीची हवा दमट, घरात माणसे भरलेली, खाली समयांची ऊब. साल ताणली जाते आणि देठाकडून तडा जातो. मग रस खाली गळतो, चिलटे जमतात. टांगण्यासाठी पट्टे अजून हिरवे आहेत, देठाजवळ एकही बारीक चीर नाही आणि बोटाने दाबून खड्डा पडत नाही असाच चिबूड घ्या. खायचा पिकलेला वेगळा घ्या आणि तो खालीच ठेवा. चिबडाला धरण्यासारखा देठ नसतो, त्यामुळे एका गाठीवर तो राहत नाही. दोन दोर अधिक चिन्हासारखे जमिनीवर पसरा, मधोमध चिबूड ठेवा, चारही टोके वर घेऊन एकत्र बांधा आणि फळाच्या मध्यावर आडवा एक वेढा द्या. भोपळ्यालाही हीच शिंकाळी चालते. जागा मात्र मूर्तीच्या डोक्यावर आणि समईच्या रेषेत सोडून कुठेही.

भाज्यांत तवशी, दोडकी, चवळीच्या लांब शेंगा, कणसे, सात शिरांची भेंडी हे सगळे म्हापशाला भरपूर मिळते आणि ते पारखण्यात काही खास कसब नाही. ताजे दिसते ते ताजे असते.

दोर मात्र विसरू नका. केवणीच्या सालीचे दोर याच दिवसांत भाऱ्यांनी विकायला येतात. ओले असताना गाठ घट्ट बसते आणि सुकल्यावर आणखी आवळते. नायलॉनची दोरी जड फळाखाली हळूहळू सरकते, गुळगुळीत देठावर तर नक्कीच. सुतळी चालते, पण ओलसर हवेत ढिली पडते. केवणीचे दोर घरी आणून अर्धा तास पाण्यात टाका, मग वापरा. कोरडे वाकवलेत तर तुटतात आणि दोष विकणारीला जातो.

बाजारातली सगळ्यांत वाईट खरेदी म्हणजे तयार वाटा. पानावर सात-आठ जिन्नस मांडलेले, ‘पूर्ण माटोळी’ म्हणून एकरकमी दर. घाईतल्या माणसाला तो सोयीचा वाटतो. वरचा कांगलांचा घोस ताजा असतो, खालची माट्टी आणि घागऱ्यो आदल्या दिवशीच्या, आणि मोजून बघाल तर रानफळे तीन-चार, बाकी आंब्याचा पाला. तेवढ्याच पैशांत वेगवेगळ्या तिघी-चौघींकडून सुटे घेतले तर जवळजवळ दुप्पट प्रकार हातात येतात. घासाघीस करायचीच तर एकीकडून तीन-चार वस्तू घेऊन करा. एका जुडीवर पाच-दहा रुपयांसाठी अडून बसणे शोभत नाही. तो भारा डोंगर चढून, काट्यांतून, पावसात काढलेला असतो. ‘मावशी, हे आज काढलेले की काल?’ असे सरळ विचारा. बहुतेक जणी खरे सांगतात, आणि कालचे असेल तर दर आपणहून उतरवतात. प्लास्टिकची फळे विकणारेही आता बसतात. त्यांची फळे दिसतात हुबेहूब, पण चवथीच्या घरात माटोळीचा जो हिरवा, आंबूस-गोड वास भरतो, तो त्यांच्याने येत नाही. पुढल्या वर्षी त्यांच्यावर धूळ तेवढी वाढते.

नेताना गोणपाट न्या. प्लास्टिकच्या पिशवीत पाला घामेजतो आणि संध्याकाळपर्यंत काळा पडतो.

वजनाचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. नारळाची पेंड सात किलो, केळ्यांचा घड आठ-दहा, दोन नीरफणस तीन, तीन तोरिंजणे तीन, चिबूड आणि भोपळा मिळून सात-आठ, शिपटे तीन, बाकी भाज्या, रानमाल आणि चौकट पाच-सहा. चाळीस किलोच्या आसपास जाते. जुन्या घराच्या वाशाला ते काहीच नाही. स्लॅबच्या घरात चार अँकर बोल्ट आधीच मारून घ्यावे लागतात. पंख्याच्या एका हुकावर सगळे लटकवले तर चौकट गरगर फिरते. फॉल्स सीलिंगला आणि पडद्याच्या दांडीला तर हात लावू नये. भोक पाडायला परवानगी नसलेल्या भाड्याच्या फ्लॅटसाठी लोखंडी पाइपचे चार पायांचे उभे स्टँड बरे, पण त्यावर पंधरा किलोपेक्षा जास्त नको आणि पायांत वाळूच्या पिशव्या हव्यात.

चौकट आधी टांगा, मग सामान बांधा. खाली बांधून वर चढवायला गेलात तर एक कोपरा खाली जातो आणि नारळ वर बघणाऱ्याच्या कपाळावर येतात. जड वस्तू चार दोरांच्या जवळ, समोरासमोर तोलून: डावीकडे पेंड, तर उजवीकडे घड. मग मध्यम फळे, शेवटी रानफळांचे घोस आणि पाला. सर्वांत खाली लोंबणारे फळ जमिनीपासून साडेसहा फुटांवर राहिले पाहिजे, नाहीतर घुमट वाजवणारा उंच माणूस आरतीभर वाकून उभा राहतो.

मुलांना बाजारात न्यावे का? जरूर, पण दोनपेक्षा जास्त नाही आणि छत्रीऐवजी रेनकोट घालून. प्रत्येक मुलाला तीन नावे वाटून द्या, एकाला घागऱ्यो, कवंडळ, माट्टी, दुसऱ्याला कांगलां, नागलकुडो, शिपटे, आणि शोधायला लावा. विकणाऱ्या बायका या खेळात मुलांपेक्षा जास्त रंगतात. एखादी फुकट जुडीही हातात ठेवते.

इतर ठिकाणांशी तुलना करायची तर पणजी मार्केटजवळचा बाजार नोकरदारांना सोयीचा, रानमाल मात्र कमी आणि वाटे जास्त. सत्तरीच्या वाटेवर साखळीला रानफळे जास्त ताजी मिळतात, कारण माल थेट गावातून येतो, पण नारळ-केळ्यांत निवड कमी. बाणस्तारीचा गुरुवारचा बाजार चवथीच्या आठवड्यात आला तर फोंडा-तिसवाडीच्या लोकांनी म्हापशापर्यंत येण्याचे कारण नाही. कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत उतरणारे शेकड्यांनी जिन्नस जमवतात. ते महिनाभर आधी रानोमाळ हिंडून. कुठल्याही एका बाजारात तेवढे मिळत नाही. घरच्या पूजेला पंचवीस-तीस प्रकार भरपूर झाले.

विसर्जनानंतर माटोळी उतरवताना वरून खाली उलट क्रमाने सोडा: आधी हलके, मग जड. नीरफणसाची कापां त्याच दिवशी करा, मीठ-हळद-तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर. दोन दिवस टांगलेले फळ आतून मऊ पडायला लागलेले असते आणि तिसऱ्या दिवशी काप तव्यावर मोडतो. नारळ आणि केळी शेजारपाजारी वाटा, तोरिंजण आठवडाभर टिकते. रानमाल केळीच्या बुंध्याशी टाकावा. चौकट ओल्या फडक्याने पुसून, दोन दिवस उन्हात घालून मगच माळ्यावर चढवा. ओलीच ठेवली तर वाळवी लागते आणि पुढल्या वर्षी पहिली खरेदी रिपांची करावी लागते.