पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बदलून सात महिने झाले

पारोळा-जळगाव रोजची ये-जा. मार्चमध्ये गाडीत घूं-घूं आवाज सुरू झाला. चाळीसच्या पुढे ऐकू यायचा, ऐंशीला तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. एरंडोलच्या पुढे क्लच दाबून पाहिला. इंजिनाचे फेरे उतरले, आवाज तसाच. म्हणजे चाकाकडचाच.

पहिल्या गॅरेजवाल्याने टायरवर बोट ठेवलं. पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. त्या पैशांची हळहळ अजून जात नाही. आधी जुने टायरच पुढचे मागे करायला हवे होते. आवाज टायरचा असता तर त्यांच्यासोबत मागे गेला असता.

मग धुळ्याच्या एका मिस्तरींकडे गेलो. त्यांनी आधी स्वतः गाडी चालवली. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगात स्टेअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडे घेताच आवाज वाढला, उजवीकडे घेताच दबला. म्हणाले, "भाऊ, हाऊ टायरना आवाज नही, बेरिंगना शे." डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून उजवं बेअरिंग.

जॅकवर चढवून चाक वर-खाली हलवलं, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नाही. पहिला गॅरेजवाला इथेच थांबला होता. मिस्तरींनी चाक फिरवत माझा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला. बारीक खरखर स्पष्ट लागत होती. डाव्या बाजूला काहीच नाही. प्ले यायच्या आधीही बेअरिंग आवाज करतं, हे मला तेव्हा कळलं.

बसवताना मी शेजारी उभा होतो. हातोडी नाही, प्रेसवर, आणि नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) दाबताना बाहेरच्या रिंगवरच जोर. आतल्या रिंगवरून दाबलं तर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंगही लवकर ओरडू लागतं. बेअरिंगची एबीएससाठीची (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) चुंबकी बाजू सेन्सरकडेच आहे, हे त्यांनी दोनदा पाहिलं. अ‍ॅक्सलचा नटही नवा लावला, टॉर्क पान्याने आवळला.

त्यानंतर अकरा हजार किलोमीटर झाले. उन्हाळ्याचं तापलेलं डांबर झालं, पावसाळ्यात दोनदा साचलेल्या पाण्यातून गाडी काढली. घूं-घूं परतलेली नाही. शंभरलाही रेडिओ हळू आवाजात ऐकू येतो.

गतिरोधकावरून हळू जाताना येणारी खट-खट मात्र अजून आहे. ती सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची, बेअरिंगची नाही. तो रॉड पुढच्या सर्व्हिसला बदलायचा आहे, मिस्तरींकडेच.