केएनएक्स, कंट्रोल-फोर की झिग्बी? स्मार्ट होम निवडताना बिघाडाचा हिशोब आधी

शोरूममध्ये सगळ्या यंत्रणा सारख्याच देखण्या दिसतात. टॅबवर बोट ठेवलं की पडदे सरकतात, दिवे मंद होतात. फरक कळतो तो तीन वर्षांनी, ऐन दिवाळीत हॉलचे दिवे ऐकेनासे होतात तेव्हा. बसवणारा फोन उचलत नाही, आणि सोसायटीचा वायरमन बोर्ड उघडून बघतो, "हे आपलं काम नाही" म्हणतो आणि स्क्रू परत लावतो. त्यामुळे मी या यंत्रणांकडे एकाच नजरेने बघतो: बिघडल्यावर दुरुस्ती कोणाला करता येते?

केएनएक्स ही वायरवाली पद्धत. खोल्याखोल्यांत निरोप वाहणारी हिरवी केबल (तिलाच 'बस' म्हणतात) फिरते, तिच्यात साधारण ३० व्होल्ट डीसी असतो. दिवे-पंख्यांच्या वायरी थेट पॅनेलमध्ये येतात आणि तिथल्या प्रत्यक्ष चालू-बंद करणाऱ्या उपकरणांना, म्हणजे अ‍ॅक्ट्युएटरना जोडल्या जातात. भिंतीवरचं बटण फक्त निरोप पाठवतं. मानक खुलं आहे, शेकडो कंपन्या त्याची उपकरणं बनवतात, म्हणून एका कंपनीचा अ‍ॅक्ट्युएटर गेला तर दुसरीचा बसवता येतो.

बिघाड शोधायलाही ही पद्धत सगळ्यात सरळ. अनेक अ‍ॅक्ट्युएटरवर हाताने चालू-बंद करायची बटणं असतात. पॅनेलवरून दिवा लागला, तर दोष दिव्यात किंवा त्याच्या वायरीत नाही. बटण, बस केबल किंवा प्रोग्रॅमिंगकडे बघायचं. बटणाच्या उपकरणावरची प्रोग्रॅमिंगची कळ दाबून लाल दिवा लागला, तर तिथपर्यंत बसचा सप्लाय पोचतोय. सगळंच घर गप्प असेल, तर पॅनेलमधल्या बसच्या पॉवर सप्लायवरचा दिवा ओव्हरलोड दाखवतोय का ते आधी बघायचं. शॉर्ट असेल, तर तंत्रज्ञ एकेक फाटा सोडवत तो शोधून काढतो.

पण यातली खरी गोम प्रोजेक्ट फाइलमध्ये आहे. सगळं प्रोग्रॅमिंग ईटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि त्याची फाइल बसवणाऱ्याच्या लॅपटॉपवर राहते. उपकरणांमधून ती जशीच्या तशी परत काढता येत नाही. फाइल हरवली, की नवा माणूस कितीही हुशार असला तरी त्याला बरंचसं काम पुन्हा करावं लागतं, आणि त्याचे पैसे तुम्ही भरता. त्यात आधीच्याने उपकरणांना बीसीयू की, म्हणजे एक प्रकारचा पासवर्ड लावला असेल आणि तो तुम्हाला दिला नसेल, तर उपकरणं तुमची असूनही हात बांधलेले.

कंट्रोल-फोरचं गणित उलटं. २००३ साली अमेरिकेतल्या युटामध्ये सुरू झालेली ही कंपनी पहिल्यापासून डीलरमार्फतच चालते. होम थिएटर, खोलीखोलीतलं संगीत, सेट टॉप बॉक्स हे सगळं एका रिमोटवर आणणं हे तिचं बलस्थान, आणि त्या कामात केएनएक्स एकटं तिच्या जवळपासही जात नाही. मात्र मुख्य प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, कंपोझर प्रो, फक्त अधिकृत डीलरला मिळतं. घरमालकाला 'सूर्यास्ताला बाहेरचे दिवे लाव' असे साधे नियम स्वतः करता येतात. नवा टीव्ही जोडायचा तर सहसा डीलरलाच बोलवावं लागतं. डीलरशी पटलं नाही तर बदलता येतो, पण मुंबई-पुण्याबाहेर बदलून दुसरा कोण येणार, हे सही करण्याआधी विचारा. घरात थिएटर नसेल, तर ही यंत्रणा मी सुचवणार नाही.

इंटिरिअर आधीच झालंय आणि भिंती फोडायच्या नाहीत, तर झिग्बी, ही बिनतारी पद्धत. आहे त्याच बोर्डामागे छोटी मॉड्यूल बसतात. इथे तक्रारी जास्त, पण बऱ्याचशा घरच्या घरी सुटतात.

सगळ्यात नेहमीची म्हणजे एखादी खोली अधूनमधून 'ऑफलाइन' दिसणं. झिग्बीत कायम विजेवर चालणारी उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे नेतात. मधल्या खोलीतला स्मार्ट प्लग कोणी व्हॅक्यूम क्लीनरसाठी काढून ठेवला, की पलीकडची बेडरूम तुटते. दुसरं कारण वायफाय, दोघंही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. हब, म्हणजे सगळ्या मॉड्यूलांना जोडणारा मुख्य डबा, राउटरला चिकटून ठेवलेला असेल तर आधी तो दूर न्या. राउटर चॅनेल १ वर आणि झिग्बी २५ वर ठेवलं, तर निदान आपल्या घरातला गोंधळ मिटतो. टॉवरमधल्या शेजाऱ्यांच्या वायफायवर मात्र इलाज नाही. चॅनेल बदलल्यावर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात, तेव्हा हे काम रविवारी सकाळी काढा.

न्यूट्रलचंही, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीचंही, बघा. आपल्या बोर्डांत बहुधा सॉकेट असतो, म्हणून न्यूट्रल सापडतो. पलंगाजवळच्या टू-वे स्विचमध्ये तो नसण्याची शक्यता जास्त. न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल दिव्यातूनच थोडा करंट घेतं, म्हणून बंद केलेला एलईडी रात्री मिणमिणतो. दिव्यापाशी बायपास कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा हे थांबतं. अशी मॉड्यूल सहसा निरोपही पुढे नेत नाहीत. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणारा, आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) स्मार्ट रेग्युलेटरवर घालू नका, त्याला नुसता चालू-बंदचा पॉइंट द्या.

पहाटे गेलेली वीज परत आली की घरभर दिवे लागतात? भूत नाही, अ‍ॅपमध्ये 'वीज परतल्यावर' काय करायचं याची सेटिंग असते, ती 'बंद'वर ठेवा. केएनएक्समध्ये हेच ईटीएसमधून करावं लागतं, म्हणजे पुन्हा बसवणाऱ्याला फोन.

नुसत्या वायफायची मॉड्यूल सगळ्यात स्वस्त. भाड्याच्या घरात दोन-चार ठीक, अख्ख्या घराला नकोत. राउटर बदलला तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. बहुतेक मॉड्यूल आपोआप जोडली जातात. आणि इंटरनेट काढून टाकल्यावर काय काय चालतं ते पैसे देण्याआधी तपासा. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर एकाएकी बंद पडले आणि क्लाउडवर टेकलेल्या सोयी रातोरात गेल्या.

परदेशातून सामान आणणाऱ्यांसाठी एक: झेड-वेव्ह या झिग्बीसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीची फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळी आहे. भारतात ती ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते, अमेरिकेत ९०८ च्या आसपास. न्यू जर्सीहून आलेलं मॉड्यूल इथल्या हबशी बोलणार नाही.

माझा कौल असा. बंगला बांधताय किंवा भिंती उघड्या आहेत आणि बजेट आहे, तर केएनएक्स. राहता फ्लॅट असेल तर झिग्बी, न्यूट्रल ओढून घेऊन. दोन्हीकडे शेवटचा हप्ता हातात ठेवा. प्रोजेक्ट फाइल, हबचं मुख्य खातं तुमच्या ईमेलवर, सगळे पासवर्ड आणि कोणती वायर कुठल्या अ‍ॅक्ट्युएटरला जाते याचा कागद मिळाला, की मगच तो द्या. हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. काम संपल्यावर मागितलं, तर "सर, ते सगळं ऑफिसमध्ये आहे" एवढंच ऐकायला मिळतं.