पहिल्याच दिवशी तिन्ही खोल्या फोडल्या तेव्हाच थांबवायला हवं होतं

घरातली दोन बाथरूम आणि किचन नव्याने करायचं ६,८०,००० चं काम शेवटी १०,७५,३०० ला पडलं. म्हणजे ३,९५,३०० जास्त. हा हिशोब इतक्या वेळा केलाय की आता तोंडपाठ झालाय. लिहायला चार महिने लागले कारण लाज वाटत होती, नातेवाईकांना तर अजूनही खरा आकडा सांगितलेला नाही. पण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या ताईंनी सांगितलं की त्यांच्याकडे पण "थोडं वर-खाली होईल" असं म्हणून काम सुरू झालंय, तेव्हा म्हटलं आता गप्प बसायचं नाही.

आधी एक सांगते, मी डोळे मिटून काम दिलेलं नव्हतं. तीन कॉन्ट्रॅक्टरकडून आकडे घेतले होते. ज्याला काम दिलं तो नणंदेच्या ओळखीतला, तिच्या जावेच्या घरी त्याने काम केलेलं, ते मी स्वतः जाऊन बघून आले होते आणि ते चांगलं होतं. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते दीड महिन्याने आमच्याकडे राहायला येणार होते, त्याआधी दोन्ही बाथरूम आणि किचन व्हायला हवं होतं, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणारी फरशी वगैरे. घाई होती. आणि ती घाई मीच पहिल्या भेटीत त्याला सांगून टाकली. हे कोणालाच सांगू नका, तुमची तारीख कळली की समोरचा त्या तारखेवरच खेळतो.

कागद एकच होता, दीड पानाचा, वर "एस्टिमेट" लिहिलेलं. ४० टक्के आधी, ३० टक्के फरशी सुरू होताना, ३० टक्के शेवटी. आता तुम्ही म्हणाल एस्टिमेट म्हणजे अंदाज, कोटेशन म्हणजे पक्का आकडा. हो, आता मलाही कळतं. तेव्हा वाटलं आकडा लिहून दिलाय, खाली सही आहे, अजून काय पाहिजे. त्यात "फरशी – ठरेल त्याप्रमाणे", "इलेक्ट्रिक – पॉइंटप्रमाणे", "वॉर्डरोब व किचन कपाटं – चौ. फुटाप्रमाणे" अशा ओळी होत्या. अशा प्रत्येक ओळीवर नंतर पैसे गेले.

२,७२,००० अॅडव्हान्स दिला.

आता तो दिवस. कागदावर स्पष्ट होतं की आधी आतलं बाथरूम, ते वापरता यायला लागलं की बाहेरचं, आणि शेवटी किचन. पहिल्या दिवशी सकाळी नऊला सहा माणसं आली. मी ऑफिसला गेले. चारला परत आले तर दोन्ही बाथरूम फोडलेली, किचनचा ओटा खाली, सिंक पॅसेजमध्ये उलटं पडलेलं, नळांच्या जागी भिंतीत नुसती भोकं आणि एका पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी दोरीने बांधलेली. मी दारात उभी होते, आत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याला विचारलं, अहो हे एकाच वेळी कसं काय, तर म्हणाला "ताई, आवाजाचा त्रास एकदाच होऊन जाऊ दे, राडारोडा पण एकाच गाडीत जाईल, तुमचेच पैसे वाचतील, घरचंच काम समजून करतोय." आणि मी "बरं" म्हणाले. नुसतं बरं! त्या क्षणाला काम थांबवून म्हणायला हवं होतं की कागदावर असं ठरलेलं नाही. दोन माणसं तर त्या वेळी नुसती बसून होती, म्हणजे काम उरकायचं म्हणून फोडलेलं नव्हतं, मी अडकावी म्हणून फोडलं होतं. घरात संडास नाही, पाणी नाही, स्वयंपाकाला जागा नाही, अशा घरातून तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला हाकलूच शकत नाही. त्या दिवसापासून तो जो आकडा म्हणेल तो मला द्यावा लागणार होता, आणि हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. (राडारोड्याचे पुढे १८,५०० वेगळे लावले. तीच एक गाडी.)

आठव्या दिवशी फोन आला. "भिंत उघडली तर पाइप सगळे सडलेत, बदलल्याशिवाय वर फरशी लावली तर वर्षभरात लीकेज." फोटो पाठवला, गंजलेला पाइप. ७४,५०० पाइपिंगचे, ५८,००० वॉटरप्रूफिंगचे, ४६,००० वायरिंगचे. भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही हे मान्य आहे, जुन्या घरात असं खरंच निघतं आणि प्रामाणिक माणूसही जास्तीचे पैसे मागतो. म्हणून तर विश्वास बसला. पण प्रामाणिक माणूस आधी लिहून देतो, तुम्हाला बोलावून दाखवतो आणि बुजवायच्या आधी परत दाखवतो. माझ्याकडे फक्त फोन आला आणि संध्याकाळपर्यंत पैसे ट्रान्सफर केले, कारण दुसऱ्या दिवशी माणसं येणार नाहीत असं म्हणाला. भिंतीतलं कुठलंही काम बुजवायच्या आधी स्वतः बघा, टेप लावून फोटो काढा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर खाली पाणी भरून निदान चोवीस तास ठेवायला लावा, खालच्या छताला ओल येते का बघा, मगच फरशी.

मग फरशी. "ठरेल त्याप्रमाणे" मध्ये त्याने सगळ्यात स्वस्त फरशीचा रेट धरला होता, दुकानात दाखवली मात्र दुसरीच. फरक ६२,३००. बिलावर ३४ बॉक्स. बॉक्समध्ये दोन बाय दोनच्या चार फरश्या, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस फूट, ३४ बॉक्सचे झाले ५२७. आमची जमीन सगळी मिळून ३८० चौरस फूट. कापाकापीत दहा टक्के वाया जातं, धरा अजून थोडं. मी गच्चीवर टाकलेले रिकामे खोके मोजले, २७ निघाले. उरलेले सात बॉक्स कुठे आहेत विचारलं तर "फुटले." सात बॉक्स फुटले आणि एकही तुकडा घरात नाही! खोके मोजायची सवय ठेवा, माल आला की त्याच दिवशी मोजा, नंतर उपयोग नाही, मी नंतर मोजले.

सगळ्यात जास्त राग मला कपाटांचा येतो. चौरस फुटाचा त्याचा रेट बाकी दोघांपेक्षा बराच कमी होता, मी खूश झाले होते. चौरस फूट म्हणजे कशाचा हे विचारलं नाही. माझं वॉर्डरोब सात फूट रुंद, आठ फूट उंच, समोरून ५६ चौरस फूट, बाकीचे दोघे तसंच मोजत होते. याने समोरचे ५६, दोन फूट खोल अशा दोन बाजू ३२, वर-खाली २८ आणि आतले चार कप्पे ५६, असे १७२ लावले. रात्री बारा वाजता मी मोबाईलच्या उजेडात टेप घेऊन जमिनीवर बसून ते मोजत होते आणि प्रत्येक माप बरोबर येत होतं. त्याने मापात खोटं बोललेलं नव्हतं, फक्त कसं मोजणार ते सांगितलं नव्हतं. कपाटांचे एकूण १,१२,००० जास्त. रेट विचारू नका, आधी माप कसं धरणार ते विचारा आणि एका कपाटाचं चित्र काढून त्यावर आकडा लिहून घ्या.

तोपर्यंत फरशीच्या वेळचा ३० टक्क्यांचा हप्ता धरून माझे ७,३५,३०० गेले होते. आता तो म्हणाला कपाटांचे १,१२,००० आणि राहिलेले ३० टक्के म्हणजे २,०४,००० दिल्याशिवाय सुतार येणार नाही. बाबा यायला नऊ दिवस राहिले होते. दोन वेगळ्या कॉन्ट्रॅक्टरना बोलावून बघितलं, एकाने सरळ सांगितलं की दुसऱ्याच्या अर्धवट कामाची जबाबदारी मी घेणार नाही. मी १,००,००० रोख दिले. पावती नाही. हो, माहीत आहे. माझ्या जागी नऊ दिवसांवर आलेले वडील ठेवा आणि मग बोला. एक सुतार दोन दिवस आला, नंतर फोन स्वीच ऑफ.

पोलिसांकडे गेले. अकरापासून पावणेचारपर्यंत बाकावर बसवलं. साहेबांनी कागद वाचायच्या आधीच "हे सिव्हिल मॅटर आहे" सांगितलं. मी म्हटलं एक लाख घेऊन पळून गेलाय, तर म्हणाले पळाला कुठे, काम तर केलंय ना थोडं. म्हणजे थोडं काम केलं की फसवणूक होत नाही? अर्ज घेऊन जा म्हणाले, अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत, दोनदा परत गेले तेव्हा शिक्का मारला. ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, नंबर आला, आठवडाभराने मेसेज की तक्रार बंद केली आहे. कोणी बंद केली, कशामुळे, काही नाही, फोन केला तर "नवीन तक्रार करा." वकिलांनी पहिल्यांदा विचारलं अॅग्रीमेंट आहे का. मग म्हणाले एस्टिमेटवर केस उभी राहते पण आकडा पक्का होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, रोखीचा एक लाख तर विसरा. ग्राहक न्यायालयात अर्ज केलाय, दोन तारखा झाल्या, एका तारखेला तो आला नाही, दुसऱ्या तारखेला त्याच्या वकिलाने मुदत मागितली आणि मिळाली. मी दोन्ही वेळा रजा टाकून गेले. मी मुदत मागितली असती तर मिळाली असती का? प्रत्येक खिडकीवर मलाच विचारतात की तुम्ही लिहून का घेतलं नाही. त्याला कोणीच विचारत नाही की तू लिहून का दिलं नाहीस. लायसन्स नाही, नाव नोंदणी नाही, उद्या दुसऱ्या नावाने कार्ड छापलं की झालं.

राहिलेलं काम दुसऱ्याने २,४०,००० ला पूर्ण केलं. त्याने प्रत्येक जास्तीचं काम मेसेजवर लिहून पाठवलं, किती पैसे आणि किती दिवस वाढणार, मी "हो" लिहिल्यावरच हात लावला, आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिनाभराने घेतले. असंही काम होतं. त्यानेच बाहेरच्या बाथरूममधलं लीकेज शोधायला भिंत फोडली. वर दीड फूट नवीन पांढरा पाइप आणि त्याच्या खाली जोडलेला आमचा जुना लोखंडी पाइप, तसाच, वीस वर्षांपूर्वीचा. मला पाठवलेला फोटो कुठल्या घरातला होता कोण जाणे. ७४,५०० मी त्या दीड फुटाचे दिले. बाबा त्या दिवशी बाहेर खुर्चीवर बसून होते, त्यांना मी सांगितलं छोटंसं काम आहे.

हप्ता तारखेवर किंवा "काम सुरू होताना" देऊ नका, तेवढं काम संपल्यावर द्या. अॅडव्हान्स ४० टक्के मागितला तर तिथेच उठा. सगळं ट्रान्सफर, रोख एक पैसा नाही. आणि एक बाथरूम चालू झाल्याशिवाय दुसऱ्याला हातोडा लावू देऊ नका, कितीही ताई ताई म्हणाला तरी.

काल नणंदेने त्याचं स्टेटस पाठवलं, तिला अजून ब्लॉक केलेलं नाही. कोणाच्या तरी घराचे तीन फोटो, दोन बाथरूम आणि एक किचन, सगळं एकाच दिवशी फोडलेलं, खाली "नवीन काम सुरू". पाइपाच्या तोंडाला तशीच पिशवी बांधलेली. ते घर तुमचं असेल तर आज संध्याकाळी त्याला एक रुपयाही पाठवू नका, आधी त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहा.