मँगनीजच्या जिगमध्ये बुडालेले २२,९४,८२० रुपये

आकडे आधी सांगतो, म्हणजे पुढचा राग कशाचा ते कळेल. जिग म्हणजे पाण्याच्या धक्क्यांनी भारी खनिज हलक्यापासून वेगळं करणारं मशीन. त्याची किंमत १८,६०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,३४,८००. मिळून २१,९४,८००. त्यातले नव्वद टक्के, म्हणजे १९,७५,३२०, मशीन निघायच्या आधीच घेतले. गाडीभाडं ५८,०००, फाउंडेशन आणि पाण्याची टाकी १,८७,०००, पंप-पाइप ७४,५००. गेले २२,९४,८२०. (जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे मला शिकवू नका. माल विकला गेला तर ते वळतं करायचं ना!)

आमचा धंदा तुमसरकडचा. रॉयल्टी भरलेला पंचवीस-सव्वीस टक्क्यांचा मँगनीज घ्यायचा, फोडून-चाळून फेरो अलॉयवाल्यांना (पोलादासाठी मिश्रधातू बनवणाऱ्यांना) द्यायचा. विक्रेता दुसऱ्या राज्यातला. ‘शेठ, पंचवीस टाका, अडतीस काढा, लेखी देतो,’ म्हणाला. लेखी दिलंही, फक्त खाली मुंगीच्या अक्षरात ‘फीडच्या स्वरूपानुसार’ एवढं घालून. ती ओळ दिसली की तिथूनच उठा.

डेमोसाठी माझाच २०० किलो माल मागवला होता. आम्ही पोचलो तेव्हा पोती फोडून माल हॉपरमध्ये पडलेला. जिग सुरू झाला, पाणी धडधडायला लागलं. स्टीलच्या गोळ्यांच्या थरातून खालच्या हचमध्ये (जिगच्या तळटाकीत) काळाकुट्ट दाणा उतरत होता आणि वरून टेलिंग, म्हणजे टाकाऊ, वाहत होतं ते पांढरंशुभ्र. मिठासारखी गार, म्हणजे क्वार्ट्झचा दगड. पुतण्या कानाशी लागला, “काका, आपल्या मालात एवढा पांढरा दगड कुठे असते?” मी त्याला गप्प केलं. आमच्या आवारातला टाकाऊ ढीग विटकरी-तपकिरी आहे, रोज त्याच्यावरून चालतो मी! पण रात्रभरचा प्रवास, समोर गाठिया-जिलेबीची ताटं, चार लोक ‘शेठ शेठ’ करतायत. माझ्या जागी कुणीही असता तरी त्याचे डोळे त्या काळ्या दाण्यावरच गेले असते. दाखवायला तेच ठेवलं होतं.

जिग वजनावर चालतो, रंगावर नाही. भारी खनिजाच्या घनतेतून एक वजा करा, हलक्याच्या घनतेतून एक वजा करा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर अडीचच्या आसपास आलं तर काम सोपं, सव्वाच्या खाली आलं तर जिग घेऊ नका. ब्राउनाइट या मँगनीज खनिजाची घनता ४.७५ धरा, गारेची २.६५. उत्तर २.२७, छान चालतं. पण आपल्या या पट्ट्यातल्या गोंडाइट नावाच्या खडकाच्या मालात गारेबरोबर स्पेसार्टिन गार्नेट असतो, त्याची घनता ४.१८. उत्तर १.१८. संपलं! वर त्या गार्नेटमध्येही मँगनीज असतो, म्हणून साध्या अॅसेमध्ये (रासायनिक तपासणीत) टक्केवारी बरी दिसते आणि माणूस फसतो. मालात मँगनीज किती हे विचारू नका, कोणत्या खनिजात आहे ते विचारा. नागपुरात हिंगण्याला भारतीय खाण ब्यूरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट आहे. आधी तिकडे माल तपासून घ्या, मग जिग घ्यायचा की टेबल, स्पायरल अशी वेगळी करणारी दुसरी मशीनं, ते ठरवा.

डेमोनंतर मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्टही हातात पडला. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे वेगळा केलेला चांगला माल, ४१.२ टक्के. रिपोर्ट खोटा नव्हता. तळाला छापलं होतं की नमुना पार्टीने आणून दिलेला आहे. पार्टी म्हणजे तेच. पोतं तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, सील तुमचं पाहिजे, आणि नमुना तुम्हीच लॅबला नेला पाहिजे.

माझ्या आवारात त्याच जिगने २७ टक्क्यांचा माल दिला. पाणी मात्र बोअर आटेपर्यंत प्यायला. स्ट्रोक बदलला, थराची जाडी बदलली, त्यांचा फिटर येऊन चहा पिऊन गेला.

पोलीस ठाण्यात साहेबांनी बिल पाहिलं. “मशीन मिळालं ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.” म्हटलं, माल बदलून डेमो दाखवला, फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२०, आताचं ३१८ हेच ना? तर म्हणे, पुरावा आणा. टेलिंग काय खिशात घालून आणायचं होतं? ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं, तर वकील म्हणाले व्यापारासाठी घेतलेलं मशीन, तुम्ही ‘ग्राहक’च नाही. उद्योग खात्यात गेलो. तिथे कळलं की लघुउद्योगांसाठी जी परिषद असते ती थकलेल्या पैशांसाठी आहे, म्हणजे विकणाऱ्यासाठी. आणि महिन्याभरात तिथूनच मला नोटीस! उरलेले दहा टक्के, २,१९,४८०, मी अडवले म्हणून विक्रेत्यानेच तक्रार केली होती, बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासकट. लुटलेल्यानेच लुटारूला व्याज द्यायचं, असा कायदा आहे बघा आपल्याकडे. वकिलाला ३५,००० मोजून उत्तर दिलं. ऑर्डरवर न्यायक्षेत्र त्यांच्या गावचं छापलेलं, त्यामुळे दावा लावायचा तरी तिकडेच जाऊन. ते कलम सही करण्याआधी खोडा, आणि निदान तीस टक्के रक्कम स्वतःच्या आवारातली ट्रायल होईपर्यंत हातची सोडू नका.

जिग विकायला काढलाय. मशीन वाईट नाही, माझ्या मालासाठी नाही एवढंच. सिलिकोमँगनीज मिश्रधातूच्या भट्टीतल्या स्लॅगमधला (मळीतला) मेटल वेगळा करायचा असेल तर चालेल, तिथे घनतेत दुपटीचा फरक असतो. स्वतःचा स्लॅग घेऊन या, समोर चालवून दाखवतो, पोतं तुम्हीच फोडा. नऊ लाखांच्या खाली देणार नाही.