दुधाचे दात: पोरांची गोड ट्यूब की घरातलीच पेस्ट?

पोराच्या तोंडात दाढा आल्या की प्रश्न पडतोच. मेडिकलमधली स्ट्रॉबेरीच्या वासाची, कार्टूनवाली ट्यूब आणायची, की घरात सगळे वापरतात तीच पेस्ट? 'दुधाचे दात काय, पडणारच' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. तोवर भाकरी चावायला त्या लागतातच. आमच्या घरी दोन्ही वापरून झाल्या आहेत.

गोड ट्यूबची बाजू आधी. पोरं ब्रश करायला आपणहून धावत येतात, हे काही कमी नाही. कीड रोखणारं, पण जास्त पोटात जाऊ नये असं फ्लोराईड तिच्यात कमी, काहींत अजिबात नाही, म्हणून गिळली तरी आईबापांना धास्ती वाटत नाही. उलट घरातल्या पेस्टचा पुदिना लहानांना तिखट लागतो. आमच्या धाकटीने सुरुवातीला घर डोक्यावर घेतलं होतं.

तरी माझं मत फिरलं ते एका वैतागामुळे. गोड पेस्ट लावलेला ब्रश तोंडात गेला की धाकटी ओठ मिटून चोखायला लागायची. दातांवर ब्रश फिरल्याचा आवाज नाही, नुसतं चप् चप्. पेस्ट संपली की ब्रश बाहेर, 'पप्पा, आणि थोडं दे.' वरचा ओठ उचलून बघावं तर हिरडीलगत दुपारच्या बिस्किटाचा थर जसाच्या तसा. ट्यूब कपाटावर ठेवली तर आजीला मस्का मारून खाली उतरवायची. चवीमुळे ब्रशची सवय लागते म्हणतात. कुणाकडे लागतही असेल, आमच्याकडे सवय लागली ती पेस्ट खायची.

आणि गिळण्याच्या भीतीचा हिशेब एकदा मांडून बघाच. आपल्याकडे नियमाने पेस्टमध्ये फ्लोराईड जास्तीत जास्त १००० पीपीएम, आणि असेल तर आकडा ट्यूबवर व खोक्यावर छापावा लागतो. १००० पीपीएम म्हणजे ग्रॅमला १ मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, साधारण ०.१ ग्रॅम. सगळी गिळली तरी पोटात ०.१ मिलिग्रॅम. तीच ५०० पीपीएमची 'सौम्य' पेस्ट जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पिळली, ग्रॅमभर धरा, आणि पोरीने चोखली, तर अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे पाचपट! शिवाय कीड रोखण्याचा पक्का पुरावा आहे तो १००० आणि त्यावरच्या पेस्टचा. ५०० ने कितपत भागतं याबद्दल खात्रीने कुणी बोलत नाही.

घरातली पेस्ट वापरायची तर पिळायचं काम मोठ्यांनी करावं. मी दाणाभर पेस्ट बोटाने ब्रशच्या केसांत दाबून टाकतो, म्हणजे चाटायला वर काही उरत नाही. पोरीला पाठमोरी मांडीवर घेतो, डोकं छातीला टेकवतो, की वरच्या दाढा नीट दिसतात. नंतर थुंकायचं, चूळ भरायची नाही. रात्रीचा ब्रश झाल्यावर दुधाची बाटली बंद. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट चालते.

दवाखान्यात दातांवर फासतात तो फ्लोराईडचा लेप, म्हणजे फ्लोराईड वार्निश, चांगलंच, पण ते पेस्टच्या जोडीला, बदली नव्हे. कुंदा, करदंट अशा आमच्याकडच्या मिठाया जेवणाबरोबर खाऊन मोकळं व्हावं, दुपारभर चघळत बसणं दातांना जास्त महाग पडतं. आणि आमचा निपाणीचा पट्टा तंबाखूचा, म्हणून वेगळं सांगतो: आजीच्या मशेरीचं बोट नातवाच्या हिरडीला लावणं हा पर्यायच नव्हे.

एक अपवाद मात्र खरा. बेळगावात राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी येतं, पण गावाकडे बोअरचं पाणी पीत असाल तर ते एकदा तपासून घ्या. फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर कुठली पेस्ट हे दंतवैद्याला विचारूनच ठरवा. आणि मूल तोंडात ब्रशच घेऊ देत नसेल तर गोड ट्यूब जरूर आणा, पण आकडा वाचून, दाण्याएवढीच, आणि ट्यूब आपल्या हातात ठेवून. आमच्या बेसिनवर सध्या एकच पांढरी ट्यूब आहे, आणि धाकटीला आता ती तिखट लागत नाही.